डावीकडचा दिवा

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला रेडिओ समजतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. माझं सागवानी अंग एका बंद पडलेल्या रेडिओचंच आहे. पण माझ्यातून गाणी कधी वाजली नाहीत. माझं काम वेगळं. समोर बसलेल्या माणसाला दिवा दिसल्यापासून त्याचा हात हलेपर्यंत किती वेळ जातो, तेवढं मी मोजते.

माझा जन्म यवतमाळला, जब्बारभाईंच्या दुकानात झाला. त्याला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली असतील. जब्बारभाई रेडिओ, टेप, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करत. एक दिवस विमलताई त्यांच्याकडे आल्या. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्यांच्या हातात एका महागड्या यंत्राचं चित्र होतं. जब्बारभाईंनी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"फोटो राहू द्या ताई. पेटीनं करायचं काय, ते सांगा."

"दिवा लागला की घड्याळ सुरू व्हावं, आणि समोरच्यानं बटण दाबलं की थांबावं. बस्स."

त्या 'बस्स'साठी जब्बारभाईंचे पंधरा दिवस गेले. रेडिओचं पोट रिकामं करून त्यांनी माझं घड्याळ बसवलं. हे घड्याळ सेकंदाचे शंभर तुकडे करतं आणि लाल आकड्यांत दाखवतं. जुन्या अँटिनाच्या नळ्या कापून त्यांनी मला दोन्ही बाजूंना लांब हात दिले आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक छोटा दिवा लावला. मध्यभागी, माझ्या छातीवर, नजर ठेवायला एक ठिपका आणि त्याच्यावर एक हिरवा बाण. तो डावीकडेही पेटतो, उजवीकडेही. समोर हनुवटी टेकवायला एक फळी, आणि फळी टोचू नये म्हणून गुलनारभाभींनी, म्हणजे जब्बारभाईंच्या पत्नीनं, तिच्यावर गोधडीचा तुकडा शिवून दिला. दिवे लावायच्या कळा माझ्या पाठीला आहेत. समोरच्याला त्या दिसत नाहीत.

पहिला माणूस माझ्यासमोर बसला तो जब्बारभाईच. आकडा आला सव्वीस. म्हणजे सेकंदाचा साधारण चौथा भाग. ते आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "इतका वेळ लागतो? मले तर वाटलं, दिसलं का दाबलं."

मित्रांनो, सगळ्यांनाच तसं वाटतं.

कॉलेजात माझे दिवस फार चांगले गेले. मुलंमुली रांगेनं येत, फळीवर हनुवटी टेकवत, बोट बटणावर ठेवून श्वास रोखत. विमलताई तीन तऱ्हांनी खेळवत. पहिल्या खेपेला बाण लागायचाच नाही. नुसता एखाद्या टोकाचा दिवा लागायचा, आणि आकडा तिसाच्या आसपास यायचा. दुसऱ्या खेपेला बाण आधी पेटून बाजू सांगायचा आणि मग त्याच बाजूचा दिवा लागायचा. आकडा पंचविसाखाली उतरायचा. तिसऱ्या खेपेला ताई मुद्दाम फसवत. बाण उजवीकडे, दिवा डावीकडे. मग भल्याभल्यांचे हात गडबडत आणि आकडा चाळीसपर्यंत जाई.

"बाणानं तुमचं बोट काही चपळ केलं नाही," ताई वर्गाला सांगत. "त्यानं तुमचं लक्ष आधीच तिथं नेऊन ठेवलं. खोट्या बाणानं ते भलतीकडं नेलं. बोट तेच आहे."

एका मुलाला सगळ्यांत पुढे राहायची हौस होती. तो दिवा लागायची वाट न पाहता अंदाजानं बटण दाबायचा. ताईंनी एकदा दिवा लावलाच नाही. तरी त्यानं बटण दाबलं, आणि सगळा वर्ग हसला. पुढे तो मुलगा शिकून शिक्षक झाला, असं मी ऐकलं. तो पोरांना घाईनं उत्तर देऊ देत नाही म्हणे.

दरवर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लागायचं. माझ्या दोन्ही हातांना झेंडूचं एकेक फूल अडकवलेलं असायचं. बाहेरून आलेले पाहुणे विचारत, ही पेटी कुठून मागवली? ताई अभिमानानं सांगत, आमच्या यवतमाळातच झाली.

मग संगणक आले. माझं काम पडद्यावर होऊ लागलं आणि मला कपाटाच्या माथ्यावर ठेवलं गेलं. कुणीतरी माझ्यावर नकाशांच्या गुंडाळ्या रचल्या, त्यांच्या भारानं माझा डावा हात वाकला. फळीवरच्या गोधडीत उंदरानं बीळ केलं. किती वर्षं गेली, ते मला मोजता आलं नाही. मी फक्त सेकंदाचे तुकडे मोजू शकते.

ताई निवृत्त झाल्या, त्या वर्षी भंगारात काढायच्या सामानाच्या यादीत माझं नाव होतं. त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं आणि मांडीवर ठेवून एसटीनं बाभुळगावला आपल्या घरी आणलं. जब्बारभाईंचं वय झालं होतं, तरी ते एकदा येऊन माझा हात सरळ करून गेले. त्यानंतर मी ताईंच्या बैठकीत एका टेबलावर होते. दिवाळीत भाच्यांनी खेळावं, एवढंच माझं काम उरलं होतं.

मित्रांनो, आता मला धरमसिंगभाऊंची गोष्ट सांगायची आहे. माझ्या आयुष्यात ती एकच गोष्ट सांगण्यासारखी घडली.

धरमसिंगभाऊ ताईंच्या गल्लीतच राहतात. मूळचे जवळच्या तांड्यातले. एका शाळेची पिवळी व्हॅन ते अकरा वर्षं चालवत होते. सकाळी चौदा मुलं आजूबाजूच्या वस्त्यांवरून आणायची आणि दुपारी पोचवायची. अकरा वर्षांत एकाही मुलाला खरचटलं नव्हतं. त्यांची पत्नी हंसाबाई ताईंकडे कधी दही घेऊन यायची, कधी नुसती बसायला यायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता काहीतरी बिघडलं. आधी व्हॅन डाव्या बाजूनं एका खांबाला घासली. मग एक बकरी थोडक्यात वाचली. आणि एका शनिवारी, मुलांना सोडून परत येताना, वळणावर व्हॅनचा आरसा पुंडलिकरावांच्या सायकलीला लागला. पुंडलिकराव शेतातून घरी चालले होते. ते सायकलीसकट नालीत पडले. कोपर सोललं, बाकी इजा झाली नाही. पण नालीतून उठता उठता ते जे बोलले, ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. "धरमसिंग पिऊन गाडी चालवते. एवढा मोठा माणूस दिसला नाही त्याले?"

धरमसिंगभाऊंनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण लहान मुलांच्या गाडीचा प्रश्न होता. सोमवारी शाळेत पालकांची बैठक ठरली.

रविवारी सकाळी ते आणि हंसाबाई ताईंकडे आले. ते खुर्चीवर टेकले नाहीत, उभेच राहिले.

"ताई, तुमची ते पेटी हाये ना, हात किती चालते ते मोजाची. माहा हात मोजा अन् कागदावर लिहून द्या. पेलेल्या मानसाचा हात असा चालते का, मी उद्या दाखवतो साऱ्याईले."

ताईंनी माझ्यावरचं फडकं काढलं. मला मनापासून आनंद झाला. कितीतरी दिवसांनी मला खरं काम मिळत होतं, आणि तेही एका चांगल्या माणसाचं नाव धुऊन काढायचं.

धरमसिंगभाऊंनी फळीवर हनुवटी टेकवली. ताईंनी त्यांना समजावं म्हणून बाणापासून सुरुवात केली. बाण डावीकडे, दिवा डावीकडे. चोवीस. बाण उजवीकडे, दिवा उजवीकडे. तेवीस. पुन्हा डावीकडे. चोवीस. कॉलेजातल्या विशीच्या पोरांचे आकडेही याहून फार चांगले नसत. हंसाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. धरमसिंगभाऊ म्हणाले, "लिहा ताई."

ताईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"भाऊ, एक खेप बिनबाणाची घेऊ. रस्त्यावर काही बाण लागत नाही. तुम्ही फक्त मधल्या ठिपक्याकडं पाहा."

उजवा दिवा लागला. एकोणतीस. पुन्हा उजवा. तीस. मग डावा लागला.

मी मोजत राहिले. तीस, चाळीस, साठ. बोट हललं नाही. नव्याण्णववर माझं घड्याळ थांबतं, त्यापुढे त्याला जाता येत नाही. धरमसिंगभाऊ शांतपणे ठिपक्याकडे पाहत दिव्याची वाट बघत होते, आणि दिवा तर केव्हाचा लागलेला होता.

ताईंनी तो विझवला आणि पुन्हा लावला. पुन्हा नव्याण्णव.

"लावा ना ताई," ते म्हणाले. "कायची वाट पाहून राह्यल्या?"

मग हंसाबाई हळू आवाजात म्हणाली, "लागला होता. दोन डाव लागला. मले इथून दिसला."

"बलब गेला असन."

ताईंनी दोन्ही टोकांचे दिवे काढून एकमेकांच्या जागी लावले. तेच झालं. मग हंसाबाई स्वतः फळीवर हनुवटी टेकवून बसली. तिनं आधी कधी मला हातही लावला नव्हता. डावा दिवा, तेहतीस. उजवा, चौतीस. ती उठली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"कधीपासून होतं असं?" ताईंनी विचारलं.

"मले काय मालूम ताई. जे दिसतच नाही, ते दिसत नाही हे मले कसं समजन?"

मित्रांनो, मी इतकी वर्षं माणसं मोजली, पण इतकं खरं वाक्य माझ्यासमोर कुणी बोललं नव्हतं. त्यांना डावीकडे काळोख दिसत नव्हता. तिथं काही कमी आहे, असंही वाटत नव्हतं. बाण लागला की त्यांचे डोळे आधीच तिकडे वळत आणि सगळं स्वच्छ दिसे. बाण नसला की ती बाजू त्यांच्यासाठी जगातच नसे.

"मग अकरा वर्षं कशी चालवली गाडी?" ताई जणू स्वतःलाच विचारत होत्या.

उत्तर हंसाबाईला सुचलं. "कोकिळाबाई," ती म्हणाली. "कोकिळाबाई बसे ना बाजूले."

कोकिळाबाई त्या व्हॅनवर मदतनीस होत्या. मुलांना चढवायचं-उतरवायचं आणि बाकी वेळ पुढे डाव्या बाजूला बसायचं. जूनमध्ये शाळेनं त्यांना दुसऱ्या गाडीवर टाकलं आणि त्यांच्या जागी आलेली नवी बाई मुलांसोबत मागे बसू लागली. ताईंनी फोन केला तेव्हा कोकिळाबाई हातातलं काम टाकून आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"मले खोड हाये हात दाखवाची," त्या म्हणाल्या. "सायकल दिसली का मी हात करो, म्हैस दिसली का हात करो. भाऊ कधी कधी रागावे मले. म्हने, मले डोये नाहीत का. पन त्याची नजर माह्या हातामांगं जाये. मांगच्या वर्षापासून तर लयच हात करा लागे. मी म्हनलं, थकले असन भाऊ."

म्हणजे माझ्या छातीवर जो हिरवा बाण आहे, तो त्या व्हॅनमध्ये निदान वर्षभर कोकिळाबाईंच्या हाताच्या रूपानं बसला होता. जूनमध्ये तो उठून गेला, आणि कुणाला कळलंही नाही.

धरमसिंगभाऊंनी माझ्या आकड्यांकडे बोट केलं. मग म्हणाले, "ताई, ते बाणवाले आकडे खोटे नाहीत ना?"

"नाहीत."

"मंग तेवढेच लिहून द्या. कोकिळाबाईले पुन्हा माह्या गाडीवर मागून घेतो. मी ध्यान ठेवीन."

ताईंनी पुन्हा पेन उचललं. मला त्यांची घालमेल दिसत होती. चोवीस, तेवीस, चोवीस. आकडे खरेच होते. तेवढे लिहून दिले असते तर कुणी विचारलंही नसतं. माणूस सज्जन होता, शेजारी होता, आणि त्याच्यावर घेतलेला आळ खोटा होता.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "कोकिळाबाई एखाद्या दिवशी आजारी पडतील. त्या दिवशी डावीकडून एखादं लेकरू धावत आलं तर?"

धरमसिंगभाऊ उठले. त्यांनी शर्टाच्या खिशातून व्हॅनची किल्ली काढली, तळहातावर ठेवून पाहिली आणि ते बाहेर पडले. ते परत आले तेव्हा खिसा रिकामा होता. सोमवार उजाडायची वाट न पाहता त्यांनी मुख्याध्यापिकांच्या घरी जाऊन किल्ली देऊन टाकली होती.

सोमवारी ताई मला घेऊन शाळेत गेल्या. पालक बसले होते, पुंडलिकरावही कोपराला पट्टी बांधून आले होते. ताईंनी सगळं सांगितलं, पण लोकांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना. तेव्हा त्यांनी पुंडलिकरावांनाच माझ्यासमोर बसवलं. चार वेळा खरा बाण दिला. त्यांचा हात छान चालला. पाचव्या वेळी बाण उजवीकडे आणि दिवा डावीकडे. पुंडलिकरावांचं बोट जागच्या जागी अडलं. आकडा आला अठ्ठेचाळीस.

त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग धरमसिंगभाऊंकडे.

"मीबी आज काही पेलो नाही," पुंडलिकराव म्हणाले. मग उठून म्हणाले, "भाऊ, मी बोललो ते चुकलं माहं. चारचौघात बोललो, म्हनून चारचौघातच सांगतो."

धरमसिंगभाऊंनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, पण बराच वेळ त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. काचबिंदू निघाला. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू बरीच गेली होती, उजव्यातही सुरुवात होती. गेलेलं परत येणार नाही, पण रोज वेळेवर थेंब घातले तर उरलेलं राखता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर राखायला फारसं उरलं नसतं.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट गोड झाली. तशी ती लगेच झाली नाही. त्यानंतर दोन-अडीच महिने धरमसिंगभाऊ ताईंच्या दारात आले नाहीत. हंसाबाई दही घेऊन यायची, तिच्याकडून कळायचं. सकाळी सहाला ते आंघोळ करून तयार होत, मग खाटेवर बसून राहत. पिवळी व्हॅन गल्लीच्या तोंडावरून गेली की आत निघून जात. एकदा ते तिला म्हणाले होते, "त्या पेटीनं माही गाडी नेली." हे ऐकलं तेव्हा मी फडक्याखाली होते. मला बोलता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. बोलता आलं असतं तरी काय सांगणार होते? गाडी मीच नेली होती. खरं मोजलं, म्हणून नेली.

दिवाळीनंतर एका सकाळी दार वाजलं. धरमसिंगभाऊ होते, आणि त्यांच्यासोबत खेमसिंग नावाचा एक माणूस. शाळेनं व्हॅनसाठी नेमलेला नवा चालक. धरमसिंगभाऊंना शाळेनं सगळ्या गाड्यांच्या देखभालीचं काम दिलं होतं. रोज सकाळी टायर, ब्रेक, आरसे, दिवे तपासून ते सही करत, मगच गाडी फाटकाबाहेर पडे.

"ताई, याले बसवा पेटीपुढं," ते म्हणाले. "बाणाचं मागून करा. आधी बिनबाणाचं."

खेमसिंग बसला. धरमसिंगभाऊ त्याच्या पाठीशी उभे राहून एकेक आकडा वाचत होते. डावीकडे एकतीस. उजवीकडे तीस. पुन्हा डावीकडे तीस. तेव्हा कुठे त्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि सुस्कारा टाकला. "चालते," ते म्हणाले. "पोरं बसू द्या याच्या गाडीत." त्या वर्षापासून शाळेचे सगळे चालक जूनमध्ये माझ्यासमोर बसतात आणि मग डॉक्टरांकडे जाऊन डोळे तपासून घेतात. माझी परीक्षा म्हणजे काही डॉक्टरी नव्हे. मी फक्त शंका दाखवते.

मित्रांनो, आता माझं लाकूड सुटत चाललं आहे. आकड्यांतला सातचा वरचा दांडा पेटत नाही, त्यामुळे सात आणि एक सारखेच दिसतात. जब्बारभाईंच्या हाताला आता कंप आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात, शाळेत असतील. त्यांना कपाटावर टाकण्याआधी एकदा पुसून, चालवून पाहा, एवढी विनंती आहे. पण त्याहून मोठी विनंती माणसांसाठी आहे. तुमच्या वर्गात एखादा मुलगा फळ्यावरचं उतरवून घ्यायला मागे राहतो. एखादी मुलगी खेळताना चेंडूसाठी हात उशिरा पुढे करते. घरी आजोबांच्या हाताचा धक्का लागून पेला सांडतो. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, लक्ष कुठं आहे तुझं? मी इतकी वर्षं लक्षच मोजत आले आहे, म्हणून सांगते. तसं म्हणण्याआधी जवळ जाऊन हळूच विचारा, तुला दिसलं होतं का?

धरमसिंगभाऊ दर दोन महिन्यांनी येतात. स्वतःच फडकं काढतात, हनुवटी टेकवतात आणि ताईंना सांगतात, "बाण नका लावू." ताई डावीकडचा दिवा लावतात. मी नव्याण्णवपर्यंत मोजते. ते ठिपक्याकडे पाहत असतात.

"लागला का, ताई?"

"लागला, भाऊ."

मग ते मान डावीकडे वळवतात, दिवा पाहतात आणि बटण दाबतात.